डाव्या चाकाचं प्रकरण

शनिवार. सकाळचे सात वाजून दहा मिनिटं. स्थळ : परळ नाक्याच्या थोडं अलीकडे, रस्त्याची डावी कड. एक जुनी जीप, तिच्यामागे जोडलेला दोन चाकांचा ट्रेलर. ट्रेलरच्या पोटात शेगडी, चार पातेली, कोथिंबीर वडीचे वाफवलेले उंडे आणि अळूवडीच्या गुंडाळ्या. जीपमध्ये तीन माणसं. ट्रेलरचं डावं चाक ओरडत होतं.

इथपर्यंतची माहिती निर्विवाद आहे. यापुढची मी देणार आहे आणि ती माझ्याविरुद्ध वापरली जाणार हे गृहीत धरूनच देणार आहे. चहा घ्या, गार होतोय. माझ्या हातून जे काही गाढवपण झालं, त्यात हे पहिल्या नंबरचं. दुसऱ्या नंबरवर काय आहे ते माझी बायको सांगेल. तिच्याकडे यादी आहे.

आधी पार्श्वभूमी.

मी चौतीस वर्षं बातमीदारी केली. पाणी कोण चोरतं, नाला कोण बुजवतो, पुलाच्या सिमेंटमध्ये काय मिसळतात, सगळं लिहिलं. लोकांनी धमक्या दिल्या, नोटिसा पाठवल्या, खुलासे पाठवले. मी एकही खुलासा छापू दिला नाही. का छापू? माझी बातमी चुकतच नव्हती! निदान माझं तसं म्हणणं होतं, आणि माझं म्हणणं छापून येत असे.

बायको वृंदा. एकतीस वर्षं विम्याच्या ऑफिसात दुसऱ्यांच्या फायलींवर शेरे मारून निवृत्त झाली. निवृत्तीनंतर बायका तीर्थयात्रेला जातात. हिनं ट्रेलर घेतला. जुना, पण धडधाकट. त्यात गरम वड्या, थालीपीठं करून विकायची. गिरगावात आमच्या चाळीत ट्रेलर सोडा, सायकल उभी करायलाही दोन मजल्यांची परवानगी लागते. म्हणून तो लालबागला तिच्या भावाकडे, दिन्याकडे, गल्लीत उभा. ओढायला जीपही दिन्याचीच.

दिवाळीच्या आधी दादरला एका मैदानावर फराळाचं प्रदर्शन होतं. तिथे वृंदाला जागा मिळाली. अट एकच : शनिवारी सकाळी साडेनऊच्या आत ट्रेलर मैदानात उभा पाहिजे. साडेनऊला गेट बंद. उशीर झाला की जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या नावाला. वृंदानं ते पत्र देवांच्या फोटोशेजारी लावलं होतं. आमच्या घरात ती जागा याआधी फक्त मुलाच्या दहावीच्या निकालाला मिळाली होती.

आता ट्रेलरची चाकं. पावसाळाभर तो त्या गल्लीत उभा होता आणि लालबाग-परळचं पाणी तुम्हाला माहीतच आहे. चाकांचं दोनदा संपूर्ण स्नान झालं. दिन्या म्हणाला, "भावोजी, बेअरिंगात पाणी शिरलां असतला. माझगावात आपलो एक गॅरेजवालो आसा. तासाभरात धुवून, ग्रीस भरून देतलो."

झालं. हे वाक्य त्यानं माझ्यासमोर बोलायला नको होतं.

"गॅरेजवाला?" मी म्हटलं. "दिन्या, अरे तो चाक उघडणार तरी का? वरून फडकं मारेल आणि म्हणेल, झालं. या शहरात देखभाल कोणी करत नाही, सगळे देखभालीचं नाटक करतात. यावर मी तीन भागांची मालिका लिहिली होती."

"वाचली मी ती."

"मग?"

"मगे काय? गॅरेजवालो चाक उघडता."

"नको. मी स्वतः करणार. घरी. ज्या माणसानं या शहराचे घोटाळे बाहेर काढले, त्याला दोन चाकांची चार बेअरिंगं बाहेर काढता येणार नाहीत?"

दिन्यानं वृंदाकडे पाहिलं. वृंदानं छताकडे पाहिलं. त्या घराचं छत पाहण्यासारखं अजिबात नाही.

ग्रीस घ्यायला लालबागमध्येच तावडेकाकांच्या दुकानात गेलो. दुकान म्हणजे जिन्याखालची खोबण, पण आत बेअरिंगांच्या उतरंडी. तावडे सत्तरी ओलांडलेले. पूर्वी मिलमध्ये फिटर होते. त्यांनी डबा काढून दिला आणि न विचारता तीन गोष्टी सांगितल्या.

"साहेब, एक : बेअरिंग डिझेलमध्ये धुवा, पूर्ण सुकवा, मग तळव्यावर ग्रीस घेऊन दाबून भरा. घाई नको. दोन : पुसायला स्वच्छ कापड घ्या. गंजीफ्रॉक नको, टॉवेल नको, धागा सुटतो. कोरं सुती कापड बघा. तीन : हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, बाहेरून एक टोपी बसते, पत्र्याची, वाटीएवढी. तिच्यात ग्रीस ठासू नका. ती झाकण आहे, कोठी नाही."

"तावडे," मी म्हटलं, "ग्रीस शुद्ध आहे ना?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या मुलीच्या पत्रिकेबद्दल शंका काढली होती.

"साहेब, अठरा वर्षं मशिनांना हेच भरलं. मशीन गेली, मिल गेली, ग्रीस तेच आहे."

मी वहीत लिहून घेतलं. तिन्ही मुद्दे. सही घ्यायची तेवढी राहिली.

बुधवारी दिन्याच्या मदतीनं चाकं काढली. हब जागेवर ठेवले. चार बेअरिंगं, दोन टोप्या आणि डिझेलची बाटली पिशवीत घालून बसनं गिरगावात आणली. बसमध्ये माझ्या शेजारची सीट शेवटपर्यंत रिकामी राहिली. ज्येष्ठ पत्रकार म्हणून मान दिला असेल, असं मी तेव्हा समजलो.

गुरुवारी दुपारी वृंदा खरेदीला गेली आणि मी कामाला बसलो. जमिनीवर जुने अंक पसरले. सगळे माझ्याच बातम्यांचे; दुसऱ्यांचे मी ठेवत नाही. परातीत डिझेल. परात कोणती, ते विचारू नका. तो वेगळा विषय आहे आणि त्याची शिक्षा भोगून झाली आहे.

बेअरिंग धुणं ही सुंदर गोष्ट आहे, खोटं नाही सांगत. आतून चिखल, गंज, मागच्या मालकाचं काळं ग्रीस, सगळं बाहेर येतं. मला तर माझ्या जुन्या दिवसांची आठवण झाली. तेवढ्यात चष्म्यावर ग्रीसचा अंगठा उमटला. पुसायला गेलो तर दुसऱ्या काचेवरही उमटला. शेवटी चष्मा काढून ठेवला. चष्म्याशिवाय मला अग्रलेख आणि लग्नाची जाहिरात यांतला फरक कळत नाही. पण म्हटलं, हे काम तर हाताचं आहे!

सुकवून झालं. आता पुसायला कापड. कोरं, सुती, धागा न सुटणारं. मुद्दा क्रमांक दोन. मी शिस्तीचा माणूस. कपाटं उघडली. टॉवेल, गंजीफ्रॉक, नायलॉनच्या साड्या, सगळं बाद. मग देवांच्या वरच्या फळीवर हात गेला आणि नेमकं हवं तसंच कापड लागलं. लहानसं, जाडसर, अगदी कोरं. गाठोडीसारखं बांधलेलं होतं, आत काहीबाही होतं. बायका काहीही कशातही बांधून ठेवतात. पण मी दुसऱ्याच्या वस्तूची नासाडी करणाऱ्यांतला नाही. समोर पत्र्याची एक वाटी चमकत होती, तिच्यात आतलं सगळं नीट ओतलं (शेजारच्या पत्र्यावर एक 'टक्' झालं, तिकडे लक्ष दिलं नाही), नंतर जागेवर ठेवू म्हणून. आणि कापड कामाला घेतलं.

काय कापड होतं! एक धागा सुटला नाही. तावडे खरंच जाणकार माणूस.

मग तळव्यावर ग्रीसचा गोळा घेतला, बेअरिंगची कड त्यात दाबली, पुन्हा दाबली, दुसऱ्या बाजूनं ग्रीस डोकावेपर्यंत दाबली. चारही झाली. हातात बरंच उरलं. वाया का घालवायचं? अंकावर दोन टोप्या होत्या, त्या चाचपून घेतल्या आणि दोन्हींत उरलेलं ग्रीस काठापर्यंत ठासून भरलं. मुद्दा क्रमांक तीन मला आठवत होता. पण तज्ज्ञ सांगतो त्याच्या थोडं पुढे जायचं, हा माझा स्वभाव.

पाच वाजता वृंदा आली. दारातच थबकली.

"अहो, हे काय? घर आहे की पेट्रोलपंप?"

"देखभाल चालली आहे."

"आणि माझी परात..."

इथे दहा मिनिटांचा संवाद गाळतो. त्या संवादातच मी सगळं गोळा करून पिशवीत कोंबलं. बेअरिंगं, टोप्या, कापड, उरलेला डबा. अंक गुंडाळून कचऱ्यात. जमीन पुसली. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणी न सांगता जमीन पुसली, हे मला नोंदवायचं आहे.

रात्री जेवताना वृंदा म्हणाली, "अहो, वरच्या फळीवर माझा खण ठेवला होता. हिरवा, लाल काठाचा. बघितलात?"

"खण?"

"नवरात्रात देवीची ओटी भरली ना, ती देवळातून परत मिळाली, प्रसाद म्हणून. तांदूळ, हळकुंड, सुपारी, सगळं खणात बांधून ठेवलं होतं. ट्रेलर पहिल्यांदा बाहेर पडेल तेव्हा पुढे बांधायचा होता."

मी चमचा खाली ठेवला. माझ्या आवडीचा विषय निघाला होता.

"वृंदा, तीस वर्षं सांगतोय. वस्तू जागच्या जागी ठेवायची सवय लावून घे. वस्तू आपोआप हरवत नसते. ती कोणीतरी हलवतं. कोणी हलवली ते शोधायचं, म्हणजे सापडते. शोधपत्रकारितेचा हा पहिला धडा."

"बरं."

"आणि चाकं खण बांधून फिरत नाहीत. ग्रीसनं फिरतात."

"बरं," ती पुन्हा म्हणाली. तीस वर्षांच्या संसारात 'बरं'चे सतरा अर्थ असतात. हा कितवा, ते मी पाहिलं नाही.

शुक्रवारी लालबागला जाऊन सगळं बसवलं. बेअरिंगं हबमध्ये, नट कसला, पिन वाकवली, टोप्या ठोकल्या. दिन्यानं चाक हातानं फिरवलं. लोण्यासारखं फिरलं.

"भावोजी, जमला तुमका," तो म्हणाला. दिन्यानं माझं कौतुक केलं ते हे दुसऱ्यांदा. पहिल्यांदा माझ्या लग्नात, तेव्हा तो सहा वर्षांचा होता.

शनिवारी पहाटे वृंदानं पुन्हा खण शोधला. मिळाला नाही. गजऱ्यातलं एक फूल काढून ट्रेलरच्या पुढच्या दांडीत खोचलं आणि जीपमध्ये बसली. मांडीवर ते पत्र.

आणि आपण पुन्हा सात-दहावर आलो.

आधी नुसती चरचर होती. दिन्या म्हणाला, "रस्त्याची असतली." मग करकर. मग तो आवाज आला, ज्याला शब्द नाही. पाट्यावर कोणी मांजर वाटतंय असा. दिन्यानं जीप कडेला घेतली. मी उतरून पाहिलं. डाव्या चाकाची टोपी अर्धी वर आली होती आणि तिच्या कडेनं ग्रीस बाहेर ओघळलं होतं. चष्मा लावला. ग्रीस पिवळसर होतं. आणि त्यात पांढरे दाणे होते.

मी बोट लावून पाहिलं. दाणेदार. भरड.

मित्रहो, त्या क्षणी माझ्या अंगात चौतीस वर्षं एकदम जागी झाली.

"भेसळ!" मी म्हटलं.

"काय?" वृंदा खिडकीतून म्हणाली.

"ग्रीसमध्ये भेसळ! हे बघ दाणे! स्टार्च घातलाय स्टार्च! वजन वाढवायला!"

"अहो, सव्वासात झालेत. आधी चाकाचं बघा."

"चाकाचंच बघतोय! वृंदा, हा एका चाकाचा प्रश्न नाही. या शहरात अशी किती चाकं फिरत असतील?"

"मला एकच फिरायला हवंय," ती म्हणाली. "साडेनऊपर्यंत."

पण पुरावा आधी. हत्यारांच्या पिशवीतून ते फडकं काढलं, त्यात ओघळलेलं ग्रीस खरवडून घेतलं आणि चार टोकं बांधली. नमुना तयार. मग फोन काढला. आमचा जुन्या-नव्या बातमीदारांचा एक ग्रुप आहे. त्यावर तिथल्या तिथे लिहिलं : 'लालबागमध्ये वाहनांच्या ग्रीसमध्ये धान्याची भेसळ. नागरिकांच्या जिवाशी खेळ. प्रस्तुत प्रतिनिधी स्वतः बळी. दुकानदार गाठतो आहे.' पाठवलं. सात-बावीस.

दुकानाचं नाव घातलं नाही. तेवढी अक्कल शिल्लक होती. पण लालबागमध्ये बेअरिंग-ग्रीसची दुकानं ती किती असणार? जाणकाराला कळलं असतं.

चालत लालबागला आलो. तावडे दुकानाची फळी काढत होते.

"तावडे, चला माझ्याबरोबर."

"काय झालं, साहेब?"

"ते रस्त्यावर बोलू. लोकांसमोर. तुमच्या ग्रीसमध्ये काय निघालंय ते बघायचंय ना?"

तावड्यांनी माझ्याकडे पाहिलं, हातातल्या गाठोडीकडे पाहिलं. मग फळी परत लावली. वाद नाही, शिव्या नाहीत. आत जाऊन जॅक, पाना, पक्कड आणि कागदात गुंडाळलेलं एक बेअरिंग पिशवीत टाकलं.

"हे कशाला?" मी म्हटलं.

"तुम्ही भांडा, साहेब. मी तोवर चाक बघतो. वहिनींना दादरला जायचंय ना? तुम्हीच सांगितलं होतं ग्रीस घेताना."

पोचलो तेव्हा आठ वाजायला आले होते. ट्रेलरभोवती आठ-दहा माणसं. परळमध्ये चाक पंक्चर झालं तरी सल्लागार समिती तयार होते. वृंदा फुटपाथवर उभी होती, पत्र हातात, सारखी घड्याळ बघत. ती मला ओलांडून पुढे आली. तावड्यांना म्हणाली, "काका, होईल का हो?"

"बघू," ते म्हणाले आणि खाली बसले.

मी उभा राहिलो. श्रोते होते, विषय होता, नमुना हातात होता. मी सुरुवात केली. ग्राहकाची फसवणूक, तपासणी यंत्रणांची झोप, व्यापाऱ्यांची साखळी. चांगलं चाललं होतं. एकानं व्हिडिओही सुरू केला.

"आणि विचारा यांना!" मी म्हटलं. "विचारा, काय घातलं होतं ग्रीसमध्ये!"

तावड्यांनी पक्कडीनं टोपी काढली. आत पाहिलं. एक दाणा बोटावर घेतला, पुसला, नाकाशी नेला. मग दोन बोटांत चुरडला.

"साहेब," ते खालूनच म्हणाले, "तांदूळ आहे."

"बघा! कबूल केलं!"

"आंबेमोहोर."

मी हातातला नमुना नाकाशी नेला.

"भेसळ करणारा आंबेमोहोर कशाला घालील, साहेब? आंबेमोहोर ग्रीसपेक्षा महाग पडतो. रेशनचा घालील ना."

गर्दीतली एक बाई म्हणाली, "बरोबर बोलतायत."

तावड्यांनी टोपी जमिनीवर उपडी करून ठोकली. मूठभर तांदूळ, ग्रीसमध्ये मळलेला, गोळ्यासारखा पडला. आणि त्या गोळ्यातून एक पिवळं, कुरतडलेलं, बोटाच्या पेराएवढं काहीतरी बाहेर घरंगळलं.

"आणि हे हळकुंड," तावडे म्हणाले.

व्हिडिओ काढणाऱ्यानं फोन हळकुंडाजवळ आणला.

वृंदा खाली वाकली. हळकुंड पाहिलं. मग सरळ झाली आणि माझ्याकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्याकडे नाही. हाताकडे.

"तुमच्या हातात काय आहे?"

"पुरावा," मी म्हटलं.

"कशात बांधलाय?"

मी पाहिलं. चष्मा लावून, दिवसाउजेडी, पहिल्यांदाच नीट पाहिलं. काळं फडकं. पण एका कोपऱ्यात दोन बोटं जागा कोरी राहिली होती. तिथे हिरवा रंग होता. आणि लाल काठ.

आता मला सांगा, एखाद्या माणसानं अशा वेळी काय बोलावं? चौतीस वर्षं मी लोकांच्या तोंडासमोर माईक धरून विचारलं, 'यावर आपलं काय म्हणणं आहे?' लोक गप्प बसायचे. मला वाटायचं, गुन्हेगार आहेत. आता कळलं, शब्द शोधत होते बिचारे.

सगळा क्रम डोळ्यांपुढे आला. वरची फळी. गाठोडी. आतलं काहीबाही. पत्र्याची चमकणारी वाटी. अहो, ती वाटी नव्हती! ती चाकाची टोपी होती! तावड्यांनी सांगितलं होतं ना, वाटीएवढी असते म्हणून! देवीच्या ओटीचे तांदूळ मी स्वतः टोपीत ओतले, त्यावर स्वतः ग्रीस ठासलं आणि देवीच्या खणानं बेअरिंगं पुसली. ते तांदूळ बेअरिंगात शिरून दळले जात होते. शोधपत्रकारितेचा पहिला धडा : वस्तू कोणीतरी हलवतं.

"भावोजी," दिन्या म्हणाला, "ह्यां काय बरां दिसत नाय."

व्हिडिओवाल्याला मी म्हटलं, बंद कर. तो म्हणाला, "काका, आता तर मजा येतेय."

वृंदा ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती तावड्यांना एवढंच म्हणाली, "काका, किती वेळ?"

"बाहेरचं बेअरिंग गेलंय. हे नवं आणलंय. हब धुवायला लागेल. वहिनी, अर्धा तास द्या. कोणी मधे बोललं नाही तर वीस मिनिटं."

मधे कोणी बोललं नाही. मी पुढे होऊन हब धरला. दिन्यानं डिझेल ओतलं. तावड्यांनी धुतलं, पुसलं. खिशातून स्वतःचं फडकं काढलं होतं, माझ्याकडे मागितलं नाही. ग्रीस त्यांनी माझ्याच डब्यातलं घेतलं. तेच, ज्याला मी भेसळ म्हटलं होतं. तळव्यावर घेऊन दाबून भरलं. हळूहळू. त्या हातांकडे बघताना मला कळलं, मी जे केलं होतं ते ग्रीस भरणं नव्हतं, चिवडा कालवणं होतं. टोपी त्यांनी रिकामी बसवली.

"दुसरं चाक?" दिन्यानं विचारलं.

तावड्यांनी उजवं चाक जॅकवर घेऊन फिरवलं, कान लावला. "ग्रीस ठासलंय, पण आवाज नाय. आता वेळही नाय. चालू दे. नंतर उघडू."

आठ-पन्नासला जीप सुटली. निघताना तावडे माझ्याजवळ आले.

"साहेब, दिनेशभाऊ म्हणाले, तुम्ही सकाळी फोनवरनं काहीतरी पाठवलंय. दुकानाबद्दल."

"नाव नाही घातलं, तावडे."

"लालबाग घातलं ना?" ते म्हणाले. "मिल गेली तेव्हा हातात काही नव्हतं, साहेब. नाव होतं, त्याच्यावर दुकान काढलं. तेवढं बघा."

एवढंच. आवाज न चढवता. मला आजवर आलेल्या कुठल्याही नोटिशीपेक्षा हे जड होतं.

जीपमध्ये बसून मी फोन काढला. ग्रुपवर गोंधळ उडाला होता. दोघांनी संताप व्यक्त केला होता, एकानं जुन्या मालिकेची आठवण काढली होती, आणि प्राजक्तानं, जी माझ्या हाताखाली शिकली आणि आता एका पेपरात शहर पान बघते, तिनं लिहिलं होतं, 'सर, बातमी घेते. दुकानदाराची बाजू?' तिला मीच शिकवलं होतं, समोरच्याची बाजू घेतल्याशिवाय बातमी द्यायची नाही. मी स्वतः तसं वागायचो नाही, पण शिकवलं होतं.

चौतीस वर्षांतला माझा पहिला खुलासा दादरच्या सिग्नलवर लिहिला. 'सकाळची माहिती पूर्णतः चुकीची आहे. ग्रीस शुद्ध आहे. दुकानदाराचा काही दोष नाही. चाकात सापडलेले तांदूळ आणि हळकुंड प्रस्तुत प्रतिनिधीनं स्वतः, चष्मा न लावता, घरी भरले होते. दुकानदाराची आणि पत्नीची जाहीर क्षमा मागतो.' वृंदाला वाचून दाखवला.

"'चष्मा न लावता' काढा," ती म्हणाली. "ती सबब आहे."

काढलं. पाठवलं.

नऊ-बावीसला ट्रेलर मैदानात उभा राहिला. गेटवरच्या माणसानं पत्र पाहिलं, यादीत खूण केली. वृंदानं शेगडी पेटवली. तव्यावर पहिली वडी चुर्र झाली तेव्हा ती पहिल्यांदा हसली. माझ्याकडे बघून नाही, वडीकडे बघून. पहिली बशी भरली आणि बाजूला झाकून ठेवली. म्हटलं, मला असेल. म्हणाली, "तावड्यांना नेऊन द्या. गरम आहे तोवर. चालत."

चालत गेलो. बशी दिली. त्यांनी एक खाल्ली आणि म्हणाले, "वहिनींच्या हाताला माप आहे." माझ्या हाताबद्दल बोलले नाहीत.

दोन वाजेपर्यंत वृंदाच्या वड्या संपल्या. ट्रेलर आता दर शनिवार-रविवार कुठे ना कुठे जातो. खण चार वेळा धुतला. काळाच आहे. तोच तिनं ट्रेलरच्या पुढच्या दांडीला बांधलाय. कोणी विचारलं की ती सगळी हकिकत सांगते आणि मी शेजारी उभा राहून कांदा चिरतो.

आता एकच गोष्ट उरते.

त्या दुपारी प्राजक्ताचा निरोप आला : 'सर, खुलासा मिळाला. एक शंका. ओटीत तांदूळ, हळकुंड आणि सुपारी असते. तुमच्या खुलाशात सुपारीचा उल्लेख नाही. तुम्हीच सांगायचात, यादीतून जी वस्तू गायब असते, खरी बातमी ती असते. सुपारीचं काय झालं?'

मी घर झाडून पाहिलं. फळी, कपाट, कचऱ्याचा डबा, परातीखाली. नाही. ट्रेलरचं उजवं चाक वळणावर एकदा 'टक्' करतं, सरळ रस्त्यावर गप्प असतं. तावडे म्हणतात, उघडून बघू. वृंदा म्हणते, धंदा चाललाय, मुळीच हात लावायचा नाही. आणि माझ्याकडे बघून म्हणते, तुम्ही तर मुळीच नाही.

प्राजक्तानं तेव्हापासून तीनदा विचारलं आहे. संबंधित व्यक्तीनं अद्याप प्रतिक्रिया दिलेली नाही.